उभ्यानं खाल्लेलं

दीक्षितपुरा, जबलपूर
२१ फेब्रुवारी

ताई,

तीर्थस्वरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहिणार होते, पण तेवढं वाचूनच तू कागद चुरगाळशील. चार वर्षं फोनवर मला ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून पोस्टाची वाट धरली. पोस्टमन काही कोणाला ब्लॉक करत नाही.

परवा नागपुरात, तुला ठेवलंय त्याच दवाखान्यात मी होते. तू दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर रक्त देत होते. "तिला वर आणू नका," असं तू म्हणालीस म्हणे. श्रीकांत भाऊजींनी मान खाली घालून सांगितलं. नाही आले वर. आपल्या लिव्हरचा तुकडा बहिणीला द्यायला तिचं तोंड पाहावं लागतं असा काही नियम नाही.

आता रिपोर्ट. भाऊजींना साखर आहे, तुझ्या गौरांगचा रक्तगट वेगळा. उरले मी. माझा जुळतो. पण माझ्या लिव्हरवर चरबी चढलेली आहे. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "यातला तुकडा काढला तर तुम्हालाही धोका आणि त्यांनाही." माझं वजन चौऱ्याऐंशी आहे. शहात्तरवर यायचं, लिव्हरवरची चरबी उतरवायची, मगच पुढचं बोलणं. मी विचारलं, ताईकडे वेळ किती? ते म्हणाले, मे महिन्याच्या पुढचं मी मोजत नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. फॅक्टरीतून नुकतेच आले होते, बूटही काढले नव्हते.

"तिनं चारचौघांत तुला आईची खुनी म्हटलं," हे म्हणाले. "अन् तू तिच्यासाठी पोट कापून घेऊन राहिली? काहून?"

"बहीण आहे."

"तेव्हा नव्हती काय?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव. आणि हेही स्पष्ट लिहून ठेवते की मी तुला माफ केलेलं नाही. तिलवाऱ्याला आईच्या अस्थी सोडताना तू मला नावेत चढू दिलं नाहीस, मी काठावर उभी राहिले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. साखर असलेल्या आईला मी गोडाचा कणही दिला नव्हता. तेव्हा सांगितलं, आजही सांगते.

आठ किलो म्हणजे काय मोठं. दहा आठवडे आहेत.

लतिका

५ मार्च

ताई,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

वजन एक्याऐंशी झालं. तीन किलो गेले, भाऊजींनाही सांग.

दवाखान्यातल्या आहारवाल्या शर्मिला मॅडमनी मला वही घालायला लावली आहे. जे खाईन ते लिहायचं आणि दर शुक्रवारी फोनवर वाचून दाखवायचं. मी वाचते. सकाळी चहा बिनसाखरेचा, दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री एक पोळी. मॅडम ऐकतात आणि नुसतं "बरं" म्हणतात. त्या "बरं"चा मला राग येतो. अगं, एवढ्याशा खाण्यावर माणूस लठ्ठ होतो तरी कसा? हाडच जाड असेल माझं.

वैभवी रोज सकाळी मला काट्यावर उभी करते. पोरगी कॉलेजात गेल्यापासून घरात थानेदार झाली आहे.

तुझ्या पोटातलं पाणी परत काढलं असं कळलं. दुखतं का गं?

लतिका

१६ मार्च

ताई,

होळी झाली. पंचवीस पुरणपोळ्या केल्या. वरच्या मिश्रांकडे पाच पाठवल्या, यांच्या मित्रांनी आठ खाल्ल्या, आणि मी एकीलाही हात लावला नाही. तूप सुटलेली पोळी डोळ्यांसमोर आणि मी काकडी खात बसलेली. आईनं पाहिलं असतं तर दृष्टच काढली असती माझी.

१७ मार्च

पत्र काल टाकलं नाही, बरं झालं. वरचं सगळं खोडणार होते, पण राहू दे. कोणाला लिहिते आहे मी असं, जिला माहीतच आहे की मी खोटं बोलते?

सकाळी वैभवीनं काट्यावर उभं केलं. त्र्याऐंशी.

"मम्मी, तू मावशीला एक्याऐंशी लिहिलं?"

"माझी पत्रं वाचतेस?"

"पाकीट तू मलाच चिकटवायला दिलं होतं. झूठ काहून बोलून राहिली? वो मर जाएगी, मम्मी."

मी तिच्यावर ओरडले. नंतर मोरीत जाऊन रडले.

शुक्रवारी शर्मिला मॅडमना वही वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "लतिकाताई, हे तुम्ही बसून खाल्लेलं झालं. उभ्यानं काय खाता?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं, एक दिवस ओट्यावर रिकामं भगोनं ठेवा. स्वयंपाक करता करता, वाढता वाढता, आवरता आवरता जे तोंडात टाकाल ते तोंडात न टाकता त्या भगोन्यात टाका.

काल तेच केलं. यांच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी. वैभवीच्या ताटातला भात. कढईच्या कडेची भाजी, दुधाच्या पातेल्याची खरवड, मिश्रांनी पाठवलेल्या गुझियाचे तुटलेले कोपरे. परवा तुटलेल्या पुरणपोळ्या अशाच गेल्या होत्या. तुटलेली पोळी पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीत, ती करणारीच्या पोटात जाते, आपल्या घरात हे कोणी कोणाला शिकवत नाही. पंचवीस केल्या असं लिहिलंय ना मी, लाटल्या होत्या एकोणतीस.

संध्याकाळी भगोनं पाहिलं. एका माणसाचं जेवण होतं त्यात, ताई, पोटभर. म्हणजे रोज मी दोन बायकांचं जेवत होते आणि वहीत एकीचंच लिहीत होते.

वजन त्र्याऐंशी. हे खरं आहे.

लतिका

नागपूर
२४ मार्च

लतिका,

वजन लिहू नकोस. काय खाल्लंस ते लिही. खरं.

अवंती

९ एप्रिल

ताई,

तुझं दीड ओळीचं पत्र देवघरात ठेवलंय. आणि आता जे लिहायचं आहे ते लिहायची लाज वाटते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला. तू माणसं ओळखेनाशी झाली होतीस, दोन दिवस अतिदक्षता विभागात होतीस. भाऊजी फोनवर रडत नव्हते, पण श्वास मोठा घेत होते. मी काट्यावर उभी राहिले. एक्याऐंशी. मनात गणित केलं, अजून पाच किलो. तीन दिवसांनी चैत्राचं नवरात्र लागत होतं. इथे अर्धी गल्ली नऊ दिवस उपास धरते, साबुदाणा आणि बटाटे खाऊन आणखी फुगते. मी म्हटलं, मी खरा उपास करते. नऊ दिवस लिंबूपाणी आणि दोन वेळा नारळाचं पाणी. तू काय खाल्लं ते खरं लिही म्हणालीस, तर खरं हे आहे: नऊ दिवस काहीच नाही.

पोरीला सांगितलं फलाहार करते. यांनाही तेच. सहाव्या दिवशी ओट्यापाशी डोळ्यांपुढे अंधार आला, तव्यावर हात टेकला. भाजला. कोणाला कळलं नाही. वजन भराभर उतरत होतं आणि मला माजच चढला होता. वाटत होतं, पाहा म्हणावं ताईला.

काल नागपूरला तपासणीला गेले. शहात्तर पूर्णांक आठ. डॉक्टरांनी काटा पाहिला, खूष झाले. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काय केलंत तुम्ही?"

"उपास."

"लिव्हर सुजलंय. उपाशी ठेवून चरबी उतरत नाही, उलट लिव्हरच बिघडतं. आता तीन आठवडे नीट खा. मग परत तपासू. आज मी तुम्हाला घेऊ शकत नाही."

तीन आठवडे, ताई. तुझेच तीन आठवडे मी देवीला वाहून आले. शर्मिला मॅडम बाहेर बाकावर शेजारी बसल्या, माझा भाजलेला हात पाहिला आणि इतकंच म्हणाल्या, "तुम्ही वजन कमी करून नाही राहिल्या, शिक्षा भोगून राहिल्या. कशाची?"

मी म्हटलं, कशाची नाही.

दोन मजले वर तू होतीस. या वेळी मीच वर आले नाही.

लतिका

२५ एप्रिल

ताई,

काय खाल्लं ते लिहिते. सकाळी दोन अंडी आणि एक ज्वारीची भाकरी. दुपारी वरण, पडवळाची भाजी, काकडी, एक भाकरी, ताक. संध्याकाळी एक पेरू. रात्री सातला मुगाचं धिरडं आणि दुधी. सगळं ताटात घेऊन, खाली बसून. ताटाबाहेर एक घास नाही. सोळा दिवस असंच.

भूक लागत नाही असं नाही. पण खरं सांगू का, भुकेचा त्रास नाही होत. त्रास होतो उरलेल्याचा. कढईत चमचाभर भाजी उरली की माझा हात आपोआप जातो. फेकायचं कसं? अन्न आहे. आई सांगायची, ताटात टाकलेला दाणा पुढच्या जन्मी डोळ्यांनी वेचावा लागतो. पहिले चार दिवस मी उरलेल्या भाजीकडे पाहून घाम पुसत होते. मग मापानं शिजवायला लागले. तरी उरलं तर गल्लीतल्या गाईला. गाय माझ्यावर प्रसन्न आहे, दारातून हलत नाही.

परवा एक गंमत झाली. यांनी जेवण अर्धं टाकलं, सवयीप्रमाणे ताट माझ्याकडे सरकवलं. मी हात मागे घेतला. हे थांबले. माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग ताट परत ओढलं, सगळं संपवलं, उठून स्वतः धुतलं.

"आजपासून जेवढं पाहिजे तेवढंच घेईन," म्हणाले. "अच्छा, सुन. कधी जायचं आहे नागपूरला? मी सुट्टी टाकतो."

वीस वर्षांत या माणसानं मला यापेक्षा गोड काही म्हटलेलं नाही.

दोन मेला तपासणी आहे. भाऊजी सांगत होते तू आता जास्त वेळ झोपूनच असतेस. थोडी थांब, ताई. मी चुकत नाहीये या वेळी.

लतिका

४ मे

ताई,

हे पत्र मी भाऊजींच्या नावानं पाठवत नाही, तुझ्याच नावानं. ते तू स्वतः वाच. वाचवत नसेल तर जाग असेल तेव्हा भाऊजींना वाचायला सांग, पण पूर्ण.

मी पास झाले. पंचाहत्तर पूर्णांक सहा. रक्त ठीक, चरबी हवी तेवढी उतरली. ऑपरेशन बारा तारखेला, सोमवारी.

पण परवा तपासणी झाल्यावर मला समितीपुढे बसवलं. तीन जण होते. देणाऱ्यावर कोणाचा दबाव नाही ना, हे एकट्यात विचारतात. एका बाईंनी विचारलं, "बहिणीशी संबंध कसे आहेत?" मी म्हटलं, चांगले. त्यांनी विचारलं, "का देताय?" शेवटी "बहीण आहे" म्हणून सुटले. त्यांनी लिहून घेतलं. बसमध्ये तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत मी तोंडाला पदर लावून बसले होते, यांना वाटलं मळमळतंय.

ताई, आईला मी देत होते.

दर बुधवारी. बडा फुहाऱ्याच्या गल्लीतून खोव्याची जलेबी. अकरा महिने. तिची साखर चारशेच्या वर जायची हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं. पहिल्यांदा दिली तेव्हा तिनं तीन दिवस तोंड मिटून घेतलं होतं. दलिया नको, गोळ्या नको, काही नको. मी एक तुकडा दाखवला. तिनं तोंड उघडलं, मागून गोळ्याही घेतल्या. तेव्हा औषधासाठी दिली. नंतर औषधासाठी नव्हती, ताई. नंतर ती माझ्या पावलांची वाट पाहायची म्हणून दिली. जन्मभर ती तुझी वाट पाहत आली. तुझा फोन, तुझी मुलं, तुझं नागपूर. बुधवारी ती माझी असायची.

ती दोन घास खायची. बाकीच्या मी खायचे. तिथेच, तिच्या खाटेपाशी, उभ्यानं. घरात पुरावा राहू नये म्हणून. पानांचा दोना बाहेर फेकायचे, जलेबी पोटात. आईच्या त्या वर्षात मी सहासष्टची ऐंशी झाले आणि सगळ्यांना सांगितलं, सेवा करताना खाण्याची आबाळ झाली. डॉक्टरांनी पडद्यावर जी चरबी दाखवली ती कसली होती ते मला पाहताक्षणी कळलं होतं.

आई गेल्यावर गादी बाहेर काढताना तुला तसाच एक दोना सापडला. तो मी ठेवलेला नव्हता. आईनं माझ्यापासून लपवला होता, नंतर खायला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी वैभवीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. एवढ्यानं भागलं नाही म्हणून म्हटलं, राधाबाईंनी दिली असेल. आईला सांभाळायला येणाऱ्या बाई, त्यांनी कधी चहात साखरही घातली नाही. तू त्यांना त्याच पावली हाकललंस, तरी खुनी मलाच म्हणालीस.

काल मी गढ्याला त्यांच्या घरी गेले. विचारत विचारत घर शोधलं. त्यांनी दारातच ओळखलं, आत घेतलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. त्या गॅसपाशी पाठ करून उभ्या होत्या.

मग म्हणाल्या, "दीदी, तुम्ही एका दोन्यापायी माझं नाव घेतलं. दीक्षितपुऱ्यात नंतर मला कोणी पेशंट नाही दिला. मी लोकांचे भांडे घासून राहिली चार वर्षं. लोक म्हणत, ही म्हाताऱ्यांना मारते."

मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"पाया नका पडू. ज्यांच्यासमोर म्हटलं, त्यांच्यासमोर म्हणा."

आज सकाळी मी गल्लीत सहा घरी जाऊन आले. मिश्रांकडे, वैद्यांकडे, सगळीकडे. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावून घेतलं. त्याआधी, काल रात्रीच, वैभवीला सांगितलं की तिच्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोलले होते. ती उठून आत गेली. आज काट्यावर उभं राहायलाही बोलावलं नाही.

आता तू उरलीस. आईला मी मारलं का, मला माहीत नाही. तिचा पाय आधीच काळा पडला होता. पण मी हात लावला, हे खरं. या हातांची, या पोटाची वस्तू तुला अंगात नको असेल तर नाही म्हण. मी समितीला सांगेन की मीच घाबरले. तुझ्यावर बोल येऊ देणार नाही. फक्त बाराच्या आधी सांग.

लतिका

नागपूर
७ मे

लतिका,

माझा हात कापतो, म्हणून हे श्रीकांत लिहून घेत आहेत. शब्द माझे आहेत. त्यांनाही हे आजच कळतंय.

आई मला दर बुधवारी संध्याकाळी फोन करायची. म्हणायची, आज लतिकानं आणली. मी विचारायची, किती खाल्ली? ती म्हणायची, दोनच घास, बाकी तिनं खाल्ली, तू तिला बोलू नको. आणि हसायची. बाकी सहा दिवस ती फोनवर नुसती कण्हायची. मला ते बुधवारचं हसणं हवं होतं. म्हणून मी अकरा महिने गप्प बसले. एकदाही तुला फोन करून थांबवलं नाही. तू जवळ होतीस, शिव्या खाणार तूच होतीस. मला लांबून फक्त हसणं मिळत होतं.

दोना सापडला तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ओरडले नसते तर कोणीतरी विचारलं असतं, अवंती, तुला माहीत होतं का? राधाबाईंची चूक नाही हेही मला माहीत होतं. मी त्यांना काढलं. तू नाव घेतलंस, धक्का मी दिला.

मी तुला वर येऊ दिलं नाही, कारण तुझं तोंड पाहून हे बोलावं लागलं असतं.

राधाबाईंचा पत्ता पाठव. जगले तर आपण दोघी जाऊ.

सोमवारी ये. रविवारी रात्रीपासून उपाशी राहायचं आहे, हे तुला डॉक्टर सांगतील. या वेळचा उपास कर. रविवारी दुपारी मात्र नीट जेव. बसून.

एक विचारायचं राहिलं. मी तिला कधी विचारलं नाही. ती गरम असायची का?

अवंती

नागपूर, तिसरा मजला
१७ मे

ताई,

तू जागी झालीस, डोळे उघडून भाऊजींना नावानं हाक मारलीस, असं नर्सनं सांगितलं. मी एका मजल्यावर आहे आणि तू दुसऱ्यावर, काचेच्या पलीकडे, म्हणून हेही पत्रानंच. ही चिठ्ठी वैभवी घेऊन येते आहे. ती माझ्याशी बोलते. कमी बोलते, पण बोलते. काल मला विचारून माझे केस विंचरले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गरमच असायची. दुकानापासून घरापर्यंत मी दोना पदरात धरून चालायचे, गार होऊ नये म्हणून. आईला फुंकर घालून द्यावी लागायची.

आज मला पहिल्यांदा पेज दिली. हे खुर्ची ओढून शेजारी बसले होते. टाके ओढतात म्हणून उशा लावून मला बसवलं आणि मी सावकाश अर्धी वाटी प्याले. पोट भरलं. अर्धी वाटी उरली. यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाटी बाजूच्या टेबलावर ठेवली आणि ती तशीच राहू दिली.

लतिका